माझ्या गालात 22 टक्के पाणी

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, इंदूरच्या सुदामानगरला, आमच्याच गल्लीत. वाण घेऊन उठले तर एका काकूंनी हनुवटी धरून माझा चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला. "अगं, तू आमच्या धाकटीच्या बरोबरीची ना? मग डोळ्यांखाली हे काय?" माझं वय 37. तोंडात तिळगूळ होता, म्हणून गोड बोलले.

काकूंवर राग नाही. रेषा होत्याच. पावडर लावली की तिथे भरायची, आणि तोंड धुतल्यावर गाल कोणीतरी मागून ओढल्यासारखे ताठ व्हायचे. मी सियागंजात एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळते. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढायच्या, हे माझं काम. हे मुद्दाम सांगते, कारण मला गंडवलं ते आकडा दाखवूनच.

फेब्रुवारीत विजयनगरच्या बाजूला एका मॉलमध्ये मुलाला बूट घ्यायला गेलो होतो. खाली एका स्किन क्लिनिकनं टेबल मांडलं होतं, 'त्वचेची मोफत तपासणी'. (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.) पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली, "मॅम, बस दो मिनट." तिनं कापसाच्या बोळ्यानं माझा गाल पुसला. गार लागलं, स्पिरिटसारखा वास आला. लगेच पेनाएवढं एक यंत्र गालाला टेकवलं. 22. "बाईस परसेंट पानी! नॉर्मल पैंतालीस होना चाहिए, मॅम." मग त्याच गालावर कसलंसं सीरम चोळून यंत्र पुन्हा लावलं. 51. "देखा?"

देखा. आणि तिथेच मी गेले.

तसलंच पेन नंतर मी ऑनलाइन मागवलं, काहीशे रुपयांत मिळतं. ते कातडीतून अगदी बारीक वीज सोडतं आणि ती किती सहज वाहते त्यावरून आकडा दाखवतं. ओलं असलं की वीज जास्त वाहते, आकडा चढतो. कोरडं करून टाकलं की उतरतो. मनगटाला सॅनिटायझर चोळून वाळवलं आणि लावलं तर 20 च्या खाली. नळाखाली धरून लावलं तर 60 च्या वर. रविवारी खिचडीसाठी भिजवलेल्या साबुदाण्यावरही टेकवून पाहिलं. साबुदाण्याची त्वचा घरात सगळ्यांत निरोगी निघाली. म्हणजे त्या मुलीनं माझ्या गालातलं पाणी मोजलंच नव्हतं, तिनं स्वतः काय फासलं ते मोजलं होतं.

चार दिवसांनी क्लिनिकमध्ये गेले. काचेचं दार, मंद वास, भिंतभर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. "डॉक्टर मॅम" आल्या. कार्डावर 'कॉस्मेटोलॉजिस्ट' लिहिलं होतं, त्यापुढे ना एम.डी., ना डी.व्ही.डी. (त्वचारोगाची पदविका), ना मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. त्या वेळी खटकलं नाही. मला खटकायला हवं होतं ते वेगळंच: त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. कोणती गोळी चालू आहे, थायरॉइड आहे का, उन्हात किती फिरता, तोंडाला काय लावता, काही नाही. "स्किन बहुत डिहायड्रेटेड है, इसीलिए एजिंग दस साल आगे चल रही है." आणि समोर पॅकेज: आठ सिटिंग, त्यात हायड्रा फेशियल, मेसो (कातडीत सुईनं औषध सोडणं), पीआरपी (आपल्याच रक्तातला प्लाझ्मा टोचणं), आणि घरी लावायची 'डॉक्टर फॉर्म्युला' क्रीम. मूळ किंमत 64,000, माझ्यासाठी, फक्त आजच्या दिवशी, 46,400.

एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर टॅबलेट पुढे आला. 5,000 आता भरा, उरलेल्या 41,400 चे 4,600 चे नऊ हप्ते, व्याज शून्य. मोबाइलवर आकडे आले. "वो बस वेरिफिकेशन का ओटीपी है." मी सांगितला. संध्याकाळी मेसेज आला तेव्हा कळलं की त्या ओटीपीनं मी एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं होतं. वरून 1,179 रुपये प्रोसेसिंग फी, जीएसटीसकट. व्याज शून्य म्हणतात ते असं.

अशा मोबाइलवरच्या कर्जांना रिझर्व बँकेच्या नियमांत एक पळवाट आहे, ती आपल्या बाजूची. कर्ज मंजूर झाल्यावर सुरुवातीची ठरावीक मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं प्रमाणशीर व्याज भरलं की दंड न लागता कर्जातून बाहेर पडता येतं. मुदत कर्जाच्या कागदात लिहिलेली असते. मी तो कागद उघडला तीन आठवड्यांनी. बिलं तपासणारी बाई, स्वतःचाच कागद वाचला नाही. हे आमच्या ह्यांनी एकदाच म्हटलं, पण पुरेसं झालं.

सिटिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चेहरा धुतात, वाफ, सक्शन, सीरम. बाहेर पडताना छान वाटतं, दोन-चार दिवस तुकतुकी राहते, मग जैसे थे. खरी कमाल केली ती क्रीमनं. पांढरी डबी, वर फक्त क्लिनिकचं स्टिकर आणि 'नाइट'. कंपनीचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, वापरायची शेवटची तारीख नाही, घटक तर नाहीतच. दहा दिवसांत चेहरा असा उजळला की गुढीपाडव्याला श्रीखंड वाढताना जाऊबाई म्हणाल्या, "काय गं, काय लावतेस?" मी त्यांनाही क्लिनिकचा नंबर दिला. नशीब त्यांनी फोन केला नाही. सगळ्या प्रकरणात माझी लाज वाटते ती याचीच.

मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, उज्जैनला. डबी घरी विसरले. तिसऱ्या दिवशी गाल लाल, चौथ्या दिवशी जळजळ, आणि हनुवटीवर बारीक पुळ्यांचं पीक. साधं पाणी लावलं तरी मिरची चोळल्यासारखं व्हायचं. मला वाटलं हळद सोसली नाही. फोटोंत मी सगळीकडे मागच्या ओळीत आहे. इंदूरला परतल्यावर रात्री ती क्रीम लावली आणि सकाळी लाली अर्धी उतरलेली! मला केवढा दिलासा वाटला सांगू. सापळ्याची खरी कळ हीच होती आणि मी तिला औषध समजत होते.

क्लिनिकला विचारलं तर उत्तर तयार: "टॉक्सिन निकल रहे हैं, मॅम." आणि त्यासाठी वेगळं 'रिपेअर पॅकेज', 18,000 रुपये.

तेव्हा मी मामींकडे गेले. मामी एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होत्या, आता रामबागेत एकट्या राहतात. दार उघडलं आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "किती महिने लावतेयस?" काय लावतेयस असं नाही, किती महिने. डबी हुंगली, उलटी करून पाहिली. "हिला बाप दिसत नाही. जिला बाप नाही ती तोंडाला लावायची नाही. ऊठ, उद्या ओपीडीत जाऊ."

एम.वाय.च्या त्वचारोग विभागात रांग होती, पण तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला पंधरा मिनिटं दिली आणि निम्मा वेळ प्रश्नच विचारले. डबीतलं नेमकं काय ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या, म्हणून मीही छातीठोकपणे लिहीत नाही. पण झटपट उजळणं, बंद केलं की उसळणं, पुन्हा लावलं की शमणं, गालावर दिसू लागलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नवी लव, हे सगळं मिळून चित्र स्टेरॉइडचं आहे, असं त्यांचं निदान. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, म्हणून चेहरा आठवड्यात गोरा आणि नितळ दिसतो. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, आणि सोडलं की दबलेलं सगळं उसळून येतं. आपल्याकडे हा प्रकार इतका दिसतो की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. 2018 मध्ये सरकारनं लावायची 14 स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. बिनबापाच्या डबीला चिठ्ठी कोण मागतो?

गंमत म्हणजे माझा मूळ प्रश्न फार किरकोळ निघाला. कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी आणि डिहायड्रेटेड म्हणजे पाणी कमी, तेलकट चेहऱ्यालाही पाण्याची टंचाई असू शकते, हे मला तिथे कळलं. आणि पाण्यासाठी ग्लासवर ग्लास रिचवायचे नसतात. वरच्या थरातून पाणी उडून जातं ते अडवायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली परीक्षा कोणत्याही पेनापेक्षा बरी आहे: सकाळी तोंड धुऊन ओलसर चेहऱ्यालाच साधं मॉइश्चरायझर लावा आणि पंधरा मिनिटांनी आरशात पाहा. ज्या बारीक रेषा मावळतात त्या बहुतेक पाण्याच्या कमतरतेच्या. ज्या तशाच राहतात त्या खऱ्या सुरकुत्या. चेहरा शांत झाल्यावर मी करून पाहिली. काकूंनी ट्यूबलाइटखाली दाखवलेल्या निम्म्या रेषा तिथल्या तिथे गेल्या.

का आल्या होत्या? मी कढत पाण्यानं, अंगाच्या साबणानं दिवसातून तीनदा तोंड धुवायचे. सियागंजच्या धुळीतून आल्यावर दुसरं सुचत नाही. शिवाय आठवड्याला स्क्रब, वर दिवसभर एसीची हवा. आणि उरलेल्या खऱ्या रेषा उजव्या बाजूला जास्त आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ऑफिसात कुठे बसता?" माझ्या उजव्या हाताला पश्चिमेची मोठी काच आहे. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे: कातडी जाळणारा यूव्हीबी काचेत बराच अडतो, पण कातडीच्या आत जाऊन तिचा ताणा सैल करणारा यूव्हीए काचेतून येतो. 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापला होता: 28 वर्षं गाडी हाकून खिडकीकडचा, म्हणजे डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा. तो त्यांनी मोबाइलवर दाखवला. मग मला आमच्या पोरींची आठवण झाली, ज्या स्कूटरवर डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात. आम्ही त्यांना डाकू म्हणून हसतो. हसू नये.

औषध म्हणजे: क्रीम बंद, पुन्हा हात लावायचा नाही. कोमट पाणी, सौम्य क्लेन्झर, ग्लिसरीन आणि सिरॅमाइडचं (त्वचेत असतो तसल्या स्निग्ध घटकाचं) बिनवासाचं मॉइश्चरायझर, दाहासाठी चिठ्ठीवरचं एक मलम. सकाळी ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढं, उन्हात असू तर दर दोन तासांनी पुन्हा. थायरॉइडची तपासणीही करवली, कारण तो सुस्तावला तरी त्वचा कोरडी पडते. नॉर्मल आली. सुरकुत्यांवर ज्याचा पुरावा खरोखर भक्कम आहे ते ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं लावायचं औषध), तेही त्वचा सावरल्यावरच. रात्री, वाटाण्याएवढं, एक दिवसाआड, आणि फरक दिसायला तीन ते सहा महिने. गरोदरपणात ते चालत नाही. बोटॉक्सचं विचारलं तर म्हणाल्या, कपाळाच्या आठ्यांवर चालतं, पण साधारण तीन-चार महिनेच टिकतं. क्लिनिकवाली मला 'दस साल' सांगत होती.

चेहरा निवायला साडेचार महिने लागले. मधले दोन महिने वाईट होते, ते लिहीत बसत नाही.

पैशांचं सांगते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. क्लिनिकनं उत्तर दिलं की उरलेल्या सिटिंगच्या किमतीत दुसरी ट्रीटमेंट घ्या. पैसे परत नाहीत. हप्ते थांबवायचा मोह झाला, पण फायनान्स कंपनी म्हणते आमचा करार तुमच्याशी, क्लिनिकशी तुमचं तुम्ही बघा. हप्ता चुकवला तर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) माझा बिघडणार. म्हणून दर महिन्याच्या 5 तारखेला 4,600 निमूट कापले गेले. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, घरबसल्या ऑनलाइन दाखल होतो, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. वकील नसला तरी चालतं. मी स्वतःच लिहिला. पावत्या, मेसेज, त्या 22 आणि 51 चा मी उत्साहानं काढलेला फोटो, ओपीडीचा कागद, सगळं क्रमानं जोडलं. या कामात तरी माझा हात धरणारं कोणी नाही. पक्की पावती मात्र भांडून घ्यावी लागली. त्यांनी आधी दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर 'सर्व्हिस' एवढाच शब्द होता. क्रीमबद्दल औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला आहे.

आयोगातली पुढची तारीख 14 ला आहे. डबीत अजून बोटभर क्रीम उरली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवलीय, आणि मामींनी वर तारीख, वेळ घालून सही केलीय, ड्यूटीवर असल्यासारखी.