‘द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन’ : घाई स्पर्धेला, मातीला नाही

हौशी कुंभारांची ही ब्रिटिश स्पर्धा 2015 मध्ये बीबीसी टू वाहिनीवर सुरू झाली आणि 2021 पासून ती चॅनल 4 वर दाखवली जाते. निर्मिती लव्ह प्रॉडक्शन्सची, म्हणजे बेकिंगची सुप्रसिद्ध स्पर्धा घडवणाऱ्यांचीच, त्यामुळे साचा ओळखीचा आहे: दर आठवड्याला एक मोठे काम, मध्येच एखादी छोटी परीक्षा, शेवटी एकाचा गौरव आणि एकाला निरोप. केक मात्र तासाभरात भाजून होतो आणि मातीचे भांडे तसे होत नाही. या कार्यक्रमाचे बलस्थान आणि त्याची अडचण, दोन्ही इथेच आहेत.

चाकावरून उतरलेले भांडे आधी सावकाश सुकावे लागते, मग साधारण 1000 अंश सेल्सिअसला त्याची पहिली भाजणी होते, त्यावर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढते आणि ते पुन्हा भट्टीत जाते. या सगळ्यात माती दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते. जाड बूड आणि पातळ काठ एका गतीने सुकले नाहीत की तडा जातो, आणि आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन भांडे भट्टीतच फुटते. स्पर्धेच्या वेळापत्रकाला इतका धीर नसल्यामुळे भांडी सुकवण्यासाठी वेगळी खोली ठेवलेली आहे, आणि मोठे काम सुकत किंवा भाजत असताना मधला वेळ छोट्या फेऱ्यांनी भरला आहे. ही मांडणी चतुर आहे, कारण वाट पाहणे प्रेक्षकाला जाणवत नाही, तरी भट्टी उघडताना स्पर्धकांच्या चेहऱ्यावरचे दडपण खरे असते.

चहाच्या किटलीसारखे काम असले की हा कार्यक्रम सर्वांत रंगतो. किटली नुसती देखणी असून भागत नाही. परीक्षक ती भरतात, तिरकी करतात आणि धार कशी पडते ते पाहतात. ओतणे थांबवल्यावर तोटीखाली थेंब ओघळला तर तिथेच निकाल लागल्यासारखा होतो. झाकण बसते की डुगडुगते, भरलेली किटली उचलताना कान बोटांना जड जातो का, याची चर्चा इतकी बारकाईने होते की घरातल्या साध्या कपाकडेही आपण परीक्षकाच्या नजरेने पाहू लागतो.

पहिल्या पर्वापासून परीक्षक असलेले कीथ ब्रायमर जोन्स चांगले काम पाहून चक्क रडतात. हे अश्रू मला खोटे वाटत नाहीत, मात्र संकलक आता त्यांची वाट पाहत बसल्यासारखा कॅमेरा रोखून धरतात, ते खटकते. रिच मिलर आधीच्या पर्वांत भट्टी सांभाळत आणि 2021 पासून परीक्षकाच्या खुर्चीत आले, हा बदल कार्यक्रमाला मानवला आहे, कारण तडा कुठल्या टप्प्यावर गेला असेल हे ते भांडे हातात घेऊन सांगतात. त्यांच्या जागी भट्टीचे काम पाहणाऱ्या रोझ श्मिट्स यांना पडद्यावर आणखी वेळ मिळायला हवा होता.

माझी मोठी तक्रार ग्लेझविषयी आहे. घडवण्याला भरपूर वेळ मिळतो, पण ग्लेझ निवडताना स्पर्धकाने कोणता विचार केला, रंग भट्टीत का बदलला, कुठे जाड बसून खाली ओघळला, हे दोन-तीन वाक्यांत उरकले जाते. निम्मे निकाल तिथेच ठरत असताना ही काटकसर अनाकलनीय आहे. ठरलेल्या वेळेत एकच वस्तू पुन्हा पुन्हा चाकावर घडवण्याची झटपट फेरी गंमतीची आहे. तिच्यातून कौशल्य दिसते, कलाविचार फारसा दिसत नाही.

चित्रीकरण स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामासाठीच प्रसिद्ध असलेल्या शहरात होते. सुरुवातीची पर्वे मिडलपोर्ट पॉटरी या 1888 च्या कारखान्यात आणि नंतरची ग्लॅडस्टोन पॉटरी म्युझियममध्ये. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या जुन्या भट्ट्या चौकटीत सतत डोकावतात, पण त्यांच्याविषयी एखाद्या ओझरत्या उल्लेखापलीकडे फारसे काही सांगितले जात नाही. नव्या प्रेक्षकाने 2021 च्या, म्हणजे चौथ्या पर्वापासून सुरुवात करावी. शिवॉन मॅक्स्वीनी यांचे मिश्कील सूत्रसंचालन तेव्हापासूनचे आहे, आणि आधीची पर्वे न पाहिल्याने काहीही अडत नाही.