युरोपियन रेल टाइमटेबल: रकान्यात बोट ठेवून केलेला प्रवास

थॉमस कुक कंपनीने १८७३ मध्ये सुरू केलेले युरोपचे रेल्वे वेळापत्रक ऑगस्ट २०१३ च्या अंकानंतर बंद झाले, तेव्हा मला मनापासून हळहळ वाटली होती. सुदैवाने ते तयार करणाऱ्यांपैकी काही जणांनी स्वतःची कंपनी काढून २०१४ मध्ये ‘युरोपियन रेल टाइमटेबल’ या नावाने त्याचे प्रकाशन पुन्हा सुरू केले. १९७० च्या दशकातला एक जुना अंक आणि आजची आवृत्ती शेजारी ठेवून मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत.

तक्त्याची मांडणी जवळजवळ तीच राहिली आहे, आणि ती तशीच राहावी. डावीकडे किलोमीटर, त्यालगत स्थानकांची नावे आणि प्रत्येक गाडीसाठी एक उभा रकाना असतो. गाडी जिथे थांबत नाही तिथे वेळेऐवजी उभी रेघ दिसते. मोबाइलवरील अ‍ॅप आपण विचारलेल्या दोन स्थानकांपुरते उत्तर देते, पण तक्ता न विचारलेलेही सांगतो: कोणत्या जंक्शनवर उतरून दुसरी वाट धरता येईल, गाडी चुकली तर पुढची किती वेळाने आहे, आणि आपण झोपेत असताना कोणती गावे मागे पडतील.

जुन्या अंकात ‘डायरेक्ट ओरिएंट’ पॅरिसहून निघून लोझान, मिलान, व्हेनिस, बेलग्रेड आणि सोफियामार्गे इस्तंबूलला पोहोचते. एवढा मोठा प्रवास एकाच रकान्यात वाचताना मला आजही भरून येते. ही गाडी मे १९७७ मध्ये बंद झाली. १८८३ पासून चालत आलेले ‘ओरिएंट एक्सप्रेस’ हे नाव मात्र दुसऱ्या एका गाडीवर टिकले; तिची धाव आधी पॅरिस ते व्हिएन्ना आणि शेवटी स्ट्रासबर्ग ते व्हिएन्ना एवढीच उरली, आणि डिसेंबर २००९ मध्ये तेही नाव वेळापत्रकातून गेले. नामांकित गाडी अशी टप्प्याटप्प्याने आखडत गेल्याचे जुन्या अंकांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. उलट, ऑस्ट्रियन रेल्वेच्या ‘नाइटजेट’ गाड्यांमुळे आजच्या आवृत्तीत रात्रीच्या प्रवासाचे रकाने पुन्हा वाचावेसे झाले आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

उणिवा आहेत. अक्षर बारीक आहे. सोमवारसाठी वर्तुळातला एक, कामाच्या दिवसांसाठी एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे, रविवार आणि सुट्टीसाठी क्रूस, अशा खुणा अंगवळणी पडेपर्यंत नवख्याची चूक होण्याची शक्यता बरीच असते. लहान मार्गांवरच्या सगळ्या गाड्या यात मावत नाहीत आणि रुळांच्या कामामुळे ऐन वेळी होणारे बदल छापील पानावर येऊ शकत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या रेल्वेच्या संकेतस्थळावर खात्री करावीच लागते. युरोपातले वेळापत्रक दर डिसेंबरच्या मध्यावर बदलत असल्याने त्यानंतरची आवृत्ती घेणे शहाणपणाचे ठरते.

डिजिटल आवृत्तीही मिळते आणि तीत स्थानक शोधणे सोपे जाते, तरी मी छापील आवृत्तीच सुचवेन. दोन देशांचे तक्ते जुळवताना एका पानावर बोट ठेवून दुसरे पान उघडावे लागते, आणि पडद्यावर नेमकी हीच सोय नाही.