निळं डोकं येईल म्हणून अकरा आठवडे

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे चौदा हजार गेले, ते हौसेपायी गेले असं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण ज्या युक्तीने ते गेले ती युक्ती अजून चालू आहे.

ठाण्याच्या घरी माझी चार फुटी, साधारण 300 लिटरची टाकी आहे. पाणी गार ठेवणारा चिलर, इन्व्हर्टर, वर जाळी, सगळा जामानिमा. डोक्यात बरेच दिवस एकच मासा होता, कॅरिबियनमधला ब्लूहेड रॅस. फ्लोरिडा-बर्म्युडापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत तो सापडतो. मोठा नर म्हणजे निळंशार डोकं, त्यामागे दोन काळे पट्टे, मधे एक फिकट पट्टा आणि उरलेलं अंग हिरवं. शास्त्रीय नावातलं ‘बायफॅसिएटम’ त्या दोन पट्ट्यांवरूनच आलंय.

ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. त्याने व्हिडिओ पाठवला आणि मी विरघळलो. नुसता मासा बघत बसलो, मागे काय दिसतंय ते बघितलंच नाही. मागे जांभळे समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखी पोवळी, लाटेबरोबर झुलत होते. कुठल्या दुकानाच्या टाकीत लाटा येतात? पण हे सुचलं पैसे पाठवून झाल्यावर, तेही तीन महिन्यांनी.

ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून आलेला मासा बोटाएवढा, हिरवट. निळ्याचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाला, “सर, ये फीमेल है. अकेला रखो, मेल बनेगा, तब कलर आयेगा.”

इथेच माझा घात झाला, कारण तो बोलला त्यात खऱ्याचा अंश होता. ब्लूहेडची मादी खरोखर नर होते. थव्यातला मोठा नर नाहीसा झाला की सगळ्यात मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत रंगासकट बदलते. हे मी वाचलेलं होतं. त्यामुळे तो थापा मारतोय असं वाटण्याऐवजी, माणूस जाणकार आहे असंच वाटलं. दोन-तीन आठवड्यांचे अकरा कधी झाले, तो हिशेब मात्र मी घातला नाही. रोज सकाळी चहा घेऊन टाकीसमोर. “आलं का डोकं?” बायको विचारायची. दरम्यान टाकीतली क्लीनर श्रिम्पची, म्हणजे छोट्या कोळंब्यांची, जोडी गायब झाली. अर्थात ती खऱ्या ब्लूहेडनेही सोडली नसती.

दिवाळीत भाचा आला. तो लक्षद्वीपला डायव्हिंग करून आलेला. टाकीशी वाकला आणि हसायलाच लागला. “मामा, हा कसला कॅरिबियन! हा मून रॅस. कडमतला रोज पायात यायचा.”

मग त्याने दाखवलं. पाठीच्या पराच्या मधोमध काळा ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी आणखी एक पुसट डाग, ही मून रॅसच्या पिल्लाची खूण. ब्लूहेडच्या मादीलाही पाठीच्या परावर ठिपका असतो, पण अगदी पुढच्या टोकाला. शिवाय तिची पाठ बहुधा पिवळी, पोट पांढरं आणि कुशीवरून गडद पट्टा किंवा डागांची रांग. माझ्या माशाच्या गालावर गुलाबी रेघा उमटू लागल्या होत्या, छातीच्या परावर गुलाबी डाग आणि त्याला निळी कड. शेपूट चंद्रकोरीसारखी पिवळी होत होती. मी तिला ‘रंग यायला लागला’ समजून फोटोही काढले होते! दोघे एकाच थॅलासोमा गटातले, म्हणून ठेवण सारखी. पण हा आपल्याच हिंदी महासागरातला. त्याच आठवड्यात एका दुकानात तो बाराशेला दिसला.

विक्रेत्याला फोन केला. “मछली जिंदा है ना सर? फिर कंप्लेंट किस बात की?” त्याची हमी फक्त मेलेल्या माशाची होती, तीही पिशवी उघडतानाचा व्हिडिओ असेल तरच. बिल मी मागितलं नव्हतं. पैसे एका खासगी नंबरावर यूपीआयने गेले होते आणि गप्पा सगळ्या फोनवर झाल्या. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तिथे पहिला प्रश्न बिलाचाच आला.

तेव्हा परदेशी म्हणून कोणी मासा विकत असेल तर आधी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं आरोग्य प्रमाणपत्र, दोन्हींची प्रत मागा. बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. आणि व्हिडिओ मागायचा तर टाकीसमोर आजचं वर्तमानपत्र धरून काढलेला मागा. माझ्या भाच्याची ही युक्ती. मला आधी हसू आलं होतं.

मासा अजून माझ्याकडेच आहे. वाढलाय, गुंड आहे, आणि त्याचा काय दोष? परवा त्या विक्रेत्याचं स्टेटस दिसलं: ‘कॅरिबियन ब्लूहेड, लास्ट पीस.’ तोच व्हिडिओ. मागे जांभळे पंखे झुलतायत.