पानगळीतला ट्राउट: इंडिकेटर की ताणलेली लाइन?

पानगळीच्या दिवसांत डोंगरी नदीत ट्राउट माशासाठी निम्फ (पाण्यातल्या किड्यासारखा बनवलेला, बुडणारा गळ) टाकताना इंडिकेटर (लाइनवरचा तरंगता गोळा, मासा लागला की बुडतो) लावावा की लांब काठीने लाइन ताणून धरावी, या पेचात माझे दोन हंगाम गेले. पहिला सगळा इंडिकेटरवर, दुसरा दोन्ही आलटून पालटून. आता इंडिकेटर सोबत असतो, पण बहुतेक दिवशी खिशातून बाहेर येत नाही.

त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. हाताशी असलेली ९ फुटी, ५ नंबरची काठी (नंबर लाइनच्या वजनाचा, लहान म्हणजे हलकी) चालते. वाऱ्यातही फेक नीट जाते. या दिवसांत पाणी उतरलेलं आणि नितळ असतं, त्यामुळे माशापासून लांब उभं राहता येणं ही मोठी सोय. रुंद, संथ डोहावर मी आजही इंडिकेटरच लावेन.

माझं बिनसलं ते पानांमुळे. फ्लाय लाइन, म्हणजे फेकीसाठीची जाड दोरी, पाण्यावर पसरलेली, पुढे इंडिकेटर तरंगतोय. वाहत येणाऱ्या पानांना अडकायला जागाच जागा. एक पान लाइनला चिकटलं की इंडिकेटर तिरका पळतो आणि खालची निम्फ त्याच्यामागे फरफटते. इंडिकेटर बुडाला म्हणून काठी उचलावी, तर गळाला कुजकं पान. असं सकाळभर झालं की खऱ्या बुडीला हात उठत नाही. एकदा ‘पानच असेल’ म्हणून मी बघत राहिलो आणि पाण्यात एका मोठ्या ब्राउन ट्राउटची पिवळी कूस वळताना दिसली. मासा गेला. ती चुटपुट अजून आहे.

ताणलेल्या लाइनला १० ते ११ फुटी, ३ नंबरच्या आसपासची हलकी काठी लागते. फ्लाय लाइन पाण्याला टेकतच नाही. पाण्यात उतरतं ते ०.१५ मिलिमीटरचं टिपेट, म्हणजे गळाला बांधलेला टोकाचा बारीक धागा. पानांना धरायला तेवढाच धागा. शिवाय नदी वर वेगाने वाहते, तळाशी सावकाश. इंडिकेटर वरच्या वेगाने निम्फला ओढतो. बारीक टिपेटवर ती तळाच्या चालीने जाते. निम्फवरचा टंगस्टनचा मणी तेवढ्याच पितळेच्या मण्याच्या दुपटीहून जड, त्यामुळे खडकांमधल्या छोट्या खळग्यातही ती लगेच खाली पोचते. बुडालेली पानं इथेही लागतात, नाही असं नाही. पण पान नुसतं जड होत जातं, मासा ठोका देतो. हा फरक मला तरी बोटांना कळू लागला.

अडचणी आहेतच. माशाच्या पाच-सहा मीटर जवळ जावं लागतं, म्हणून खळाळत्या पाण्याच्या आडोशाने सरकायचं. खांदा भरून येतो. ढगाळ दुपारी बेटिस हे चिमुकले किडे उडू लागले की १८-२० नंबरची, म्हणजे अगदी बारीक ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी नकली माशी) या लांब, हलक्या लीडरवर (लाइनच्या पुढच्या धाग्यावर) धड पोचत नाही. त्यासाठी मी साध्या लाइनचं दुसरं स्पूल ठेवतो.

आणखी एका बाबतीत इंडिकेटर सरस आहे हे मान्य करायला हवं. ब्राउन ट्राउट याच दिवसांत अंडी घालतात आणि ताणलेल्या लाइनसाठी पाण्यात जास्त उतरावं लागतं. तळाशी घासल्यासारखी उजळ, स्वच्छ खडी दिसली तर तिच्यावर पाय ठेवू नका, खाली अंडी असतात. तिथे घुटमळणाऱ्या जोडीवर गळही टाकू नका.