गिटारची बॉडी: अखंड फळी, जोडफळी की प्लाय?

सॉलिड इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीसाठी साधारण 14 इंच रुंद, 18 इंच लांब आणि पावणेदोन इंच, म्हणजे 44-45 मिमी जाड ठोकळा लागतो. आरा मशीनवर 14 इंची सागाची फळी मागा, मालक आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. मधोमधचा मऊ भेंड आणि सालीलगतचा पांढरा रसकाठ सोडून एवढी रुंदी निघायला झाड चांगलंच जुनं लागतं. सहा इंची फळी मात्र विदर्भात आलापल्लीपासून परतवाड्यापर्यंत सहज मिळते. तेव्हा निवड करायची ती या बाजारात आणि इथल्या हवेत.

अखंड फळी दिसायला देखणी, पण विदर्भात तीच सगळ्यात जास्त हलते. आडव्या कापाचा, म्हणजे वाढीच्या वर्तुळांना जवळजवळ समांतर चिरलेला साग ओलाव्यातल्या दर एक टक्का फरकामागे रुंदीत सुमारे 0.2 टक्के फुगतो किंवा आकसतो. मे महिन्यात उघड्यावरचं लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत सुकतं, श्रावणात चौदाच्या आसपास जातं. 325 मिमी रुंद बॉडीत हा फरक जवळजवळ पाच मिमीचा होतो. पॉलिशमुळे हे हळूहळू होतं, थांबत नाही. नुसती रुंदी बदलली तर निभतं, पण फळी वाटीसारखी वळली की नेकचा (गिटारच्या मानेचा) खाचा आणि ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) एका पातळीत राहत नाहीत आणि तारांची उंची ऋतूप्रमाणे बदलत राहते. शिवाय दोन इंची फळी सावलीत वाळायला ‘इंचाला एक वर्ष’ हा जुना हिशोब आहेच. दोन वर्षं थांबायची तयारी नसेल तर अखंडचा नाद सोडा.

‘सांधा आवाज खातो’ हा समज मनातून काढून टाका. नीट चिकटलेला सांधा तोडायला गेलं तर तुटतं ते शेजारचं लाकूड.

दोन फळ्यांच्या बॉडीत सांधा बरोबर मध्यरेषेवर येतो आणि एकच सांधा साधायचा असल्याने नवख्याला ती सोपी. हिची खोड एकच. गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या खालच्या बटणाचा स्क्रू थेट त्या सांध्यात शिरतो आणि पाचरीसारखं काम करतो. आधी योग्य मापाचं भोक पाडलं नाही तर सांधा तिथूनच फाकायला लागतो.

तीन फळ्यांत मधली फळी साडेचार-पाच इंच ठेवली की नेकचा 56 मिमीचा खाचा, ब्रिजचे खिळे (दोन खिळ्यांच्या ब्रिजमध्ये अंतर साधारण 74 मिमी) आणि ते बटण, सगळं एकाच अखंड लाकडात बसतं. बाजूच्या फळ्यांची वर्तुळं वर-खाली आलटून ठेवली तर त्यांचं वळण एकमेकांना मारतं. कष्ट दुप्पट, कारण दोन सांधे म्हणजे चार कडा. आमचं मत याच बाजूने आहे. रंगाचे पट्टे खटकत असतील तर पारदर्शक पॉलिशऐवजी गडद रंग मारा.

दोन थरांची पद्धतही चांगली: मागे 36 मिमी हलकं लाकूड, वर 8 मिमी सागाचा थर. गिब्सनच्या 1952 च्या लेस पॉलमध्ये महोगनीवर मेपल होतं, तसलाच हा प्रकार. दोन्ही थरांच्या रेषा एकाच दिशेला हव्यात. आडव्या ठेवल्या तर ऋतू बदलला की वरचा थर तडकतो. पातळ थरावर पाण्याचा गोंद लावला की तो लगेच वळतो, म्हणून पंधरा-सोळा क्लॅम्प हाताशी नसतील तर हात घालू नका.

प्लायचा हिशोब सोपा आहे: 19 अधिक 19 अधिक 6, झाले 44 मिमी. हलत नाही, पण जड असतं, कडेतून घातलेला स्क्रू धरत नाही आणि खाचे कोरणाऱ्या राउटर मशीनचं पातं लवकर बोथट होतं. ब्लॉकबोर्ड तर नकोच. पिकअपचा (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाचा) खाचा कोरला की आतल्या पट्ट्यांमधल्या फटी उघड्या पडतात.

लाकूड कोणतं, हाही वजनाचाच प्रश्न. सागाची बॉडी पावणेतीन किलोपर्यंत जाते, शिवणीची दोनच्या आसपास. तासभर उभं राहून वाजवायचं असेल तर शिवण घ्या, मिळत नसेल तर साग मागच्या बाजूने पोकळ करून हलका करा. बाभूळ फारच जड. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा लागतो. पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई मिळाली तर सोनंच, वर्षानुवर्षं वाळलेलं. फक्त रंध्यावर नेण्याआधी चुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा असतोच. नवा साग घ्याल तर पावती आणि वाहतूक परवाना मागून घ्या.

सांध्याचं काम असं. दोन कडा एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा. टोकांना फट दिसता कामा नये, मधे केसाएवढी चालेल, कारण टोकं आधी सुकतात आणि सांधा तिथूनच उघडतो. साग तेलकट असतो, म्हणून रंधा मारल्यावर थिनरने पुसून तासाभरात गोंद लावा. फेविकॉल मरीन चांगला. दर सहा इंचांवर क्लॅम्प हवा. गोंदाचे बारीक थेंब कडेने सारखे उमटले की थांबा, जास्त आवळलं तर गोंदच बाहेर जातो. चोवीस तास तसंच ठेवा.

क्लॅम्प काढल्यावर लगेच रंधा मात्र मारू नका. गोंदातल्या पाण्याने सांध्यालगतचं लाकूड फुगलेलं असतं. फुगलेलंच सपाट केलंत तर महिनाभराने ते आकसतं आणि चकचकीत पॉलिशखाली सांध्याच्या रेषेवर एक पन्हळ दिसू लागते. उन्हाळ्यात आठवडा आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवडे ठोकळा घरात उभा ठेवा, मगच 44 मिमी जाडीवर आणा.