बालशिक्षकांसाठी व्यावसायिक नीतीचा अभ्यासक्रम: पेच उत्तम शिकवले, वाढीचा मात्र हिशेब ठेवला

बालवर्गांत अकरा वर्षे काम केल्यानंतर मी ‘व्यावसायिक नीती आणि विकास’ या विषयाच्या बारा आठवड्यांच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला नाव नोंदवले, तेव्हा फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. मुलांवर माया करा, संयम बाळगा, पालकांशी गोड बोला, हा उपदेश आम्ही प्रत्येक शिबिरात ऐकतो आणि दाराबाहेर पडताच विसरतो. हा अभ्यासक्रम त्या जातीचा नाही. संस्थेचे नाव मात्र मी घेत नाही, कारण पुढे एक तक्रार मांडायची आहे आणि माझा रोख संस्थेवर नसून त्या चुकीवर आहे.

सुरुवातच नेमक्या प्रश्नाने होते: या व्यवसायाला लिखित नीतिसंहिता हवी कशाला? अमेरिकेतील बालशिक्षणतज्ज्ञ लिलियन कॅट्झ यांनी १९७०च्या दशकात केलेली मांडणी येथे आधाराला घेतली आहे. ज्याची सेवा करायची त्याच्या हाती जितकी कमी सत्ता, तितकी सेवा देणाऱ्याची नीती अधिक काटेकोर असावी लागते, हा त्या मांडणीतील एक मुद्दा. प्रौढ रुग्ण डॉक्टर बदलू शकतो, अशील वकील बदलू शकतो. तीन वर्षांच्या मुलाला मात्र आपल्यावर अन्याय झाला हे सांगायला शब्दही सापडत नाहीत. त्यांचाच दुसरा मुद्दा असा की बालशिक्षिकेला एकाच वेळी मूल, पालक, नोकरी देणारी संस्था आणि समाज अशा अनेकांना उत्तर द्यावे लागते आणि त्यांचे हित दर वेळी एका दिशेला जातेच असे नाही.

पुढचे दोन आठवडे अमेरिकेतील बालशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८९ मध्ये स्वीकारलेल्या नीतिसंहितेच्या वाचनाला दिले आहेत. मुले, कुटुंबे, सहकारी आणि समाज असे तिचे चार विभाग आहेत आणि मुलाला इजा होईल असे काहीही करायचे नाही, हे तत्त्व बाकी सगळ्यांच्या वर ठेवलेले आहे. पाठांतराची सक्ती नाही, हे बरे. येथे एक भेद पक्का करून घेतला जातो आणि मला तो या साऱ्या अभ्यासक्रमाचा कणा वाटतो: कर्तव्य वेगळे आणि पेच वेगळा. पालकांनीच सांगितले म्हणून मुलाला अंधाऱ्या खोलीत बसवायचे का, हा पेच नव्हे. त्याचे उत्तर ठरलेले आहे, अवघड वाटत असेल तर ते धैर्याच्या अभावी. दोन्ही बाजूंना काहीतरी खरोखर मोलाचे असते आणि कोणतीही बाजू घेतली तरी काही गमवावे लागते, तेव्हाच त्याला पेच म्हणायचे.

पाचव्या आठवड्यातील उदाहरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पाळणाघरात दुपारी एक मूल आयुष्यातले पहिले पाऊल टाकते. संध्याकाळी आई न्यायला येते आणि विचारते, “ताई, आज काय विशेष?” सांगायचे, की तिला उद्या घरी तो क्षण पहिल्यांदा पाहिल्याचा आनंद मिळू द्यायचा? आमच्या गटात यावर पाऊण तास वाद झाला. अनेक जणी वर्षानुवर्षे गप्प राहत आल्या होत्या, मीही त्यांतलीच. आम्हाला ती दया वाटत होती. मार्गदर्शकांनी निकाल दिला नाही. “हे मौन कोणाच्या सोयीचे आहे?” एवढेच त्यांनी विचारले. शेवटी एका सहभागी शिक्षिकेने सुचवले की प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारून ठेवावे की असे ‘पहिले’ क्षण त्यांना कसे कळलेले आवडतील. दाराशी उभे राहून घाईत सोडवायचा पेच आधीच्या एका प्रश्नाने बहुतांशी मिटतो, ही गोष्ट मला अकरा वर्षांत सुचली नव्हती.

नोंदी लिहिण्याचा भागही तितकाच कसदार आहे. मी पाठवलेल्या नोंदीत एका मुलाबद्दल ‘आज दिवसभर हट्टीपणा केला’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी ‘हट्टीपणा’खाली रेघ मारून विचारले की तुम्ही प्रत्यक्षात काय पाहिले. मी पुन्हा लिहिले: ‘खेळ आवरायची सूचना दिली तेव्हा तिन्ही वेळा ठोकळ्यांजवळ बसून राहिला, तिसऱ्यांदा म्हणाला, माझा पूल राहिलाय.’ पहिल्या नोंदीत दोष मुलाचा होता, दुसरीत तो माझ्या वेळापत्रकाचा निघाला. पहिली नोंद तशीच पुढच्या वर्गात गेली असती, तर नव्या शिक्षिकेने त्या मुलाला पाहण्याआधीच त्याच्याविषयी मत बनवले असते.

आता तक्रार. सातवा आठवडा मुलांच्या खासगीपणावर होता. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बालहक्क करारातील सोळावे कलम, म्हणजे मुलाच्या खासगी आयुष्याचे आणि प्रतिष्ठेचे संरक्षण, त्यात नीट समजावले होते. आणि त्याच पाठात साधारण दोन वर्षांचे एक मूल आईपासून दुरावताना हमसून रडत असल्याची चित्रफीत होती, चेहरा स्पष्ट दिसणारी! मी लिहिले, तेव्हा पालकांची लेखी परवानगी आहे, असे ठरावीक उत्तर आले. परवानगी असेलही, पण करारातील तो हक्क मुलाचा आहे, आणि अगदी लहान मूलही स्वतःच्या हक्कांचे धनी असते, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ मध्ये बालवयाविषयी स्वतंत्र भाष्य करून स्पष्ट केले आहे. हे परत लिहून कळवल्यानंतर तीन आठवड्यांनी चित्रफीत काढली गेली आणि तिच्या जागी लेखी वर्णन आले. ज्यांनी ती आधीच पाहिली होती, त्यांना मात्र कोणी काही कळवले नाही.

सहकाऱ्यांच्या वागणुकीविषयीचा पाठ त्रोटक आहे. आक्षेप असेल तर आधी त्या व्यक्तीशीच आदराने आणि खासगीत बोलावे, हे संहितेतील मार्गदर्शन सांगितले आहे. पण आक्षेप मुख्याध्यापिकेच्याच वागण्याबद्दल असला आणि आपली नोकरी तिच्या सहीवर अवलंबून असली, तर काय करावे, यावर दोन वाक्येही नाहीत.

नावातील दुसऱ्या शब्दाला, म्हणजे ‘विकासा’ला, हा अभ्यासक्रम न्याय देत नाही. कॅट्झ यांनी १९७२ मध्ये बालशिक्षिकेच्या वाटचालीचे चार टप्पे सांगितले: तग धरणे, घडी बसणे, नवेपणाची ओढ आणि परिपक्वता. त्यांचा भर असा की प्रत्येक टप्प्यावर मदत वेगळी लागते. पहिल्या वर्षी कोणीतरी वर्गातच शेजारी उभे राहायला हवे असते. त्याच त्या गाण्यांचा कंटाळा येऊ लागला की इतरांचे वर्ग पाहायला मिळायला हवेत. येथे हे टप्पे एका बहुपर्यायी प्रश्नापुरते आले आणि नंतर सर्वांना एकच तक्ता मिळाला, ज्यात प्रशिक्षणाचे तास भरायचे होते. तास भरले की विकास झाला, हे गणित नीती शिकवणाऱ्यांनी तरी मांडू नये.

अपवाद एकच, जोडीने निरीक्षण करण्याचा. मी माझ्या वर्गाचे पंधरा मिनिटांचे चित्रण, कॅमेरा फक्त माझ्यावर ठेवून, जोडीदार शिक्षिकेला पाठवले. तिने मोजले: मी सव्वीस प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या एकोणीस प्रश्नांची उत्तरे मीच देऊन टाकली होती. मुलांना बोलू द्यावे, यावर मी स्वतः इतरांना व्याख्याने दिली आहेत. हा आकडा वाचून काही वेळ मी वही मिटून बसले होते. दुर्दैवाने असे निरीक्षण संपूर्ण बारा आठवड्यांत एकदाच होते.

दोन-तीन वर्षे वर्गात काढलेल्या शिक्षिकांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा, शक्य तर त्याच शाळेतील सहकाऱ्यासह. पहिल्याच वर्षात असणाऱ्यांनी थोडे थांबावे. त्यांना आधी वर्गात सोबत हवी आहे, पेचांची चर्चा नंतर. आणि नाव नोंदवाल, तेव्हा जोडीच्या निरीक्षणाची दुसरी फेरी मागून घ्या. मी मागितली तेव्हा कार्यालयाने ती मान्य केली, फक्त जोडीदार आपला आपण शोधावा लागतो.