एम्ला आणि त्याच मिश्रणाची इतर क्रीम: सुईआधी लावताना काय पाळावं

रक्त काढणं, सलाइनची सुई लावणं, चामखीळ किंवा मोलस्कमचे (विषाणूमुळे त्वचेवर येणारे) दाणे काढणं, त्वचेचा छोटा तुकडा तपासणीला घेणं, अशा कामांआधी जे बधिरीकरणाचं क्रीम दिलं जातं, त्यात बहुतेक वेळा एकच मिश्रण असतं: लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के. एम्ला हे त्यातलं मूळ नाव. आता हेच मिश्रण इतर अनेक नावांनी मिळतं. घटक आणि टक्केवारी तीच असेल, तर वापरायची रीतही तीच. औषध चांगलं आहे, भरवशाचं आहे. ‘लावलं पण काही उपयोग झाला नाही’ या तक्रारीमागे बहुधा वेळ कमी पडलेला असतो किंवा थर पातळ लागलेला असतो.

या मिश्रणाची खरी करामत समजून घेण्यासारखी आहे. लिडोकेन आणि प्रिलोकेन वेगवेगळे ठेवले तर खोलीच्या तापमानाला दोन्ही पांढरे, स्फटिकासारखे घन पदार्थ. समप्रमाणात एकत्र केले की मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू १८ अंशांच्या आसपास उतरतो आणि तेलासारखा द्रव तयार होतो. क्रीममधल्या प्रत्येक थेंबात औषध अगदी दाट असतं, आणि त्यामुळेच ते न फाटलेल्या, कोरड्या त्वचेतूनही आत उतरतं. लिडोकेनची २ टक्क्यांची जेली हे काम करू शकत नाही. ती मूत्रमार्गासारख्या ओल्या, नाजूक आवरणासाठी असते. ‘लिडोकेनच आहे ना’ म्हणून हातावर जेली चोळून सुईची वाट पाहणाऱ्याला सुई टोचतेच.

बधिरपणा किती खोल जातो याचं गणित असं: क्रीम झाकून तासभर ठेवलं तर बधिरपणा साधारण ३ मिलिमीटरपर्यंत जातो, दोन तासांत ५ मिलिमीटरपर्यंत. त्याखाली फारसं नाही. म्हणून शिरेत सुई घालायला हे उत्तम. स्नायूत इंजेक्शन देताना त्वचेची टोच कमी होते, पण आत औषध पसरतानाची कळ राहते. तळहात-तळपायाच्या जाड कातडीवर याचा भरवसा धरू नये. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतानाही ते कामाचं ठरत नाही.

आता लावण्याची पद्धत. जागा साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, तेल किंवा लोशन राहू देऊ नका. मोठ्या माणसाला सलाइनसाठी २.५ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ट्यूबचा अर्धा भाग, २० ते २५ चौरस सेंटिमीटर जागेवर पुरतो. ३० ग्रॅमच्या ट्यूबमधून काढलेली साडेतीन सेंटिमीटरची पट्टी म्हणजे साधारण १ ग्रॅम. क्रीम चोळायचं नाही. हे वाक्य ठळक अक्षरात वाचा, कारण हात आपोआप चोळायला जातो. जाडसर पांढरा गोळा शिरेवर ठेवायचा आणि वरून पारदर्शक चिकट पट्टी बसवायची. पट्टी मधोमध दाबली की क्रीम कडेला पळतं, कडा ओल्या होतात आणि पट्टी सुटते. म्हणून आधी चारही कडा बोटाने घट्ट बसवा, मधला भाग हलकेच सपाट होऊ द्या. खाली पांढरा थर डोळ्यांना दिसला पाहिजे. त्वचा आरपार दिसत असेल तर क्रीम कमी पडलंय. पट्टीवर पेनाने लावल्याची वेळ लिहा. हे काम क्षुल्लक वाटतं, पण नंतर ‘किती वाजता लावलं होतं’ यावर सगळं अडतं.

किमान वेळ एक तास. चाळीस मिनिटांत नंबर लागला तर परिणाम अर्धवट मिळेल, आणि क्रीम दुप्पट घालून ती वीस मिनिटं भरून निघत नाहीत. मुलांसाठी दोन जागी लावणं शहाणपणाचं, कारण पहिली शीर हुकली तर दुसरी तयार असते. मात्र दोन्हीकडचं क्रीम मिळून पुढे दिलेल्या वयाच्या मर्यादेत बसलं पाहिजे.

पट्टी काढल्यावर त्वचा पांढुरकी पडलेली दिसते. घाबरू नका, रक्तवाहिन्या आकसल्याची ती खूण आहे. शीरही त्यामुळे बारीक होते आणि सापडायला अवघड जाते. क्रीम पुसून पाच-दहा मिनिटं थांबलं की शीर पुन्हा वर येते. बधिरपणा क्रीम काढल्यानंतरही एक ते दोन तास टिकतो, तेव्हा थांबण्यात तोटा काहीच नाही. चेहऱ्यावर मात्र तो लवकर उतरतो. दाब आणि स्पर्श कळत राहतात, फक्त टोच जाते. मुलाला हे आधी सांगितलं नाही तर हात धरल्याच्या स्पर्शानेच ते रडू लागतं.

एक्झिमा असलेल्या त्वचेतून औषध झपाट्याने आत जातं, तिथे १५ ते ३० मिनिटंच. जननेंद्रियाच्या ओल्या आवरणावर ५ ते १० मिनिटं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उघड्या जखमेवर स्वतःहून लावू नये. डोळ्यांजवळ तर नकोच: बुबुळ बधिर झालं की खुपल्याचं कळत नाही आणि चोळून इजा होते. कानाचा पडदा फाटलेला असेल तर कानातही नको.

खरा धोका जागेच्या आकाराचा आहे. तळहाताएवढ्या जागेवर नीट मोजून लावलेलं क्रीम सहसा निर्धोक असतं. दोन्ही पायांना थापून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००७ मध्ये याच कारणाने इशारा दिला होता: लेझरने केस काढण्याआधी पायांना तीव्र बधिरीकरणाचं क्रीम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींचा मृत्यू झाला होता. २०२४ मध्ये त्याच संस्थेने दुकानात सरळ विकल्या जाणाऱ्या, ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेनच्या क्रीमविरुद्ध पुन्हा बजावलं. टॅटू किंवा लेझरसाठी ‘अतितीव्र’ म्हणून विकलं जाणारं, घटक नीट न लिहिलेलं क्रीम आम्ही कोणालाही सुचवणार नाही. लावलेल्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवणंही टाळा, उष्णतेने शोषण वाढतं.

कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, जीभ-ओठ बधिर होणं, गुंगी, थरथर ही औषध रक्तात जास्त गेल्याची लक्षणं. पट्टी काढा, क्रीम पुसा आणि लगेच दवाखाना गाठा. पुढची पायरी आकडी (फिट) येणं किंवा हृदयाची लय बिघडणं असू शकते. हृदयाच्या लयीसाठी गोळ्या चालू असतील तर क्रीम लावण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

प्रिलोकेनचा स्वतःचा वेगळा त्रास आहे. शरीरात त्याचं विघटन होताना बनणारा पदार्थ हिमोग्लोबिनचं रूप बदलतो आणि रक्त ऑक्सिजन नीट सोडत नाही. ओठ-नखं निळसर-करडी दिसतात, ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नाही, रक्त चॉकलेटी दिसतं. जी६पीडीची (लाल रक्तपेशी जपणाऱ्या एका विकराची) जन्मजात कमतरता असलेल्यांना आणि डॅप्सोन, सल्फा, प्रायमाक्विन, नायट्रेट किंवा फेनिटॉइन घेणाऱ्यांना हा धोका जास्त. लहान बाळांनाही जास्त, म्हणून मर्यादा कडक आहेत: ३ महिन्यांपर्यंत किंवा ५ किलोच्या आत १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर, फक्त एक तास; ३ ते १२ महिने आणि ५ किलोच्या वर २ ग्रॅम, २० चौरस सेंटिमीटर; १ ते ६ वर्षं आणि १० किलोच्या वर १० ग्रॅम, १०० चौरस सेंटिमीटर. या मोठ्या दोन गटांत कमाल चार तास. वय जुळतंय पण वजन कमी आहे, तर वजनाप्रमाणे खालचा गट धरा. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी हा निर्णय घरी घ्यायचाच नाही.

तासभर थांबणं शक्य नसेल तर टेट्राकेन या दुसऱ्या बधिरीकरणाच्या औषधाचं ४ टक्क्यांचं जेल बघा. रक्त काढायला ३० मिनिटं, सलाइनला ४५ मिनिटं, आणि बधिरपणा चार ते सहा तास. शिरा आकसण्याऐवजी पसरतात, ही सुई लावणाऱ्याची सोय. पण लाली आणि खाज जास्त येते, आणि महिन्याच्या आतल्या बाळाला ते लावत नाहीत. लिडोकेन ४ टक्क्यांचं क्रीमही अर्ध्या तासात काम करतं आणि त्यात प्रिलोकेन नसल्याने वर सांगितलेला रक्ताचा धोका फार कमी. वेळ हाताशी असेल तर आमची पसंती तरीही एम्लाच्या मिश्रणालाच, सवयीचं आणि मापात बसणारं म्हणून.

ट्यूब घेताना एकदाच्या कामाला ५ ग्रॅमची घ्या. ३० ग्रॅमची घरात पडून राहते, आणि लहान मुलाने तोंडात घातली तर त्यात भरपूर औषध असतं. काढलेली पट्टीही तशीच टाकू नका. तिच्यावर क्रीम उरलेलं असतं, चिकट बाजू आत घडी करून झाकणाच्या डब्यात टाका.